उशिरा येणारे शब्द आणि घरातल्या गजाली

मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनाऱ्यावरच्या पुष्कळ घरांत दिवसभर दोनच पिढ्या असतात. कर्ती माणसे मुंबईला नोकरीस, नाही तर पर्यटकांच्या हंगामात पहाटेपासून कामावर. घरी आजी-आजोबा आणि नातवंडे. नातवंडाला डाउन सिंड्रोम असेल, तर त्याला बोलते करण्याचे काम कोणी न सांगताही याच वडीलधाऱ्यांकडे येते. तज्ज्ञाची भेट महिन्याकाठी अर्ध्या तासाची. सकाळच्या पेजेपासून रात्रीच्या अंगाईपर्यंतचे दहा-बारा तास मात्र आजीचे. हा लेख त्या दहा-बारा तासांविषयी आहे.

घरातला पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : नातू कधी बोलतलो? याचे प्रामाणिक उत्तर असे की, डाउन सिंड्रोम असलेली बहुसंख्य मुले बोलतात; परंतु उशिरा बोलतात, आणि त्या उशिराचे माप प्रत्येकाचे वेगळे असते. इतर मुलांचा पहिला शब्द वर्षाच्या आसपास येतो. या मुलांचा दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान कधीही येऊ शकतो. काहींना चौथे-पाचवे वर्षही लागते. दोन शब्द जोडून बोलणे त्यानंतरचे. मात्र या सगळ्या काळात मुलाला समजत असते पुष्कळ. ‘आजो खंय गेलो?’ असे विचारल्यावर दाराकडे पाहणाऱ्या मुलाने उत्तर दिलेले असते. ते शब्दांत आले नाही, इतकेच. समज पुढे आणि उच्चार मागे, ही या मुलांच्या भाषेची मुख्य खूण आहे. ती ध्यानात न आल्यामुळे ‘ह्याला काही कळत नाही’ असा शिक्का घरच्यांकडूनच बसतो, आणि मग त्याच्याशी बोलणेच कमी होते. आमच्या मते सर्वांत मोठे नुकसान येथे होते.

कारणांचा थोडा विचार करू. शरीराच्या पेशींत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. त्यांपैकी एकविसाव्या जोडीत एक गुणसूत्र जास्तीचे आले की डाउन सिंड्रोम होतो. फ्रान्सचे जेरोम लजून आणि त्यांचे सहकारी यांनी हे १९५९ साली दाखवून दिले. साधारणपणे सातशे ते हजार जन्मांमागे एक, असे याचे प्रमाण सांगितले जाते. आईचे वय वाढले की शक्यता वाढते हे खरे, पण तरुण मातांनाही अशी मुले होतात. गरोदरपणात सुनेने काय खाल्ले, ग्रहण पाळले की नाही, याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. ज्या घरात हा दोषारोप चालू असतो, त्या घरातल्या आईला बाळाशी हसून बोलण्याचे बळ कोठून येणार?

या मुलांच्या स्नायूंत जन्मतः सैलपणा असतो. ओठ, जीभ, जबडा हेही स्नायूच. तोंडाची पोकळी लहान, टाळू उंच आणि अरुंद. त्यामुळे जीभ त्या मानाने मोठी वाटते आणि बाहेर डोकावते. ‘प’, ‘ब’, ‘म’ यांसारखे ओठांचे उच्चार त्यांना त्यातल्या त्यात लवकर साधतात. ‘स’, ‘श’, ‘र’ आणि जोडाक्षरे फार उशिरा. दुसरी अडचण स्मरणाची. कानांनी ऐकलेली शब्दांची माळ थोडा वेळ मनात धरून ठेवणे या मुलांना अवघड जाते; डोळ्यांनी पाहिलेले मात्र ती चांगले लक्षात ठेवतात. पुढे जे उपाय सांगितले आहेत, त्यांतले बरेचसे या एका गोष्टीवर उभे आहेत.

तिसरे कारण कानांचे, आणि ते सर्वांत अधिक दुर्लक्षित. या मुलांचे कान लहान, कानाच्या नळ्या अरुंद. घशापासून मधल्या कानापर्यंत जाणारी नळीही अरुंद आणि सैल. सर्दी झाली की पडद्यामागे चिकट पाणी साचते. कान दुखत नाही, वाहत नाही, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. मुलाला मात्र सारे जग भिंतीपलीकडून ऐकू येते. डाउन सिंड्रोम असलेल्या सुमारे तीन-चतुर्थांश मुलांना केव्हा ना केव्हा ऐकण्याचा काही दोष असतो, असे बालरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. कोकणातला पावसाळा चार महिन्यांचा. या काळात सतत शेंबडे असणारे मूल चार महिने अर्धेच ऐकत असेल, तर शब्द कोठून उचलणार? हाक मारल्यावर एखाद्या दिवशी वळते, एखाद्या दिवशी वळत नाही, त्याला आपण हट्टी म्हणतो. हट्टी म्हणण्याआधी कान तपासावेत.

ही तपासणी जन्मानंतर एकदा करून भागत नाही. दोन्ही कानांचे ऐकणे स्वतंत्रपणे आणि निश्चितपणे मोजता येईपर्यंत दर सहा महिन्यांनी, आणि त्यानंतर दरवर्षी, अशी शिफारस आहे. लहान बाळ झोपेत असताना डोक्याला तारा लावून जी चाचणी करतात तिला ‘बेरा’ म्हणतात. ती वेदनारहित आहे. कानात कोमट तेल घालण्याची आपल्याकडची जुनी सवय मात्र येथे सोडावी. पडद्यामागच्या पाण्यावर तेलाचा उपयोग नाही, आणि पडद्याला छिद्र असल्यास अपायच. कानांबरोबर थायरॉइडची रक्ततपासणी दरवर्षी आणि डोळ्यांची तपासणी वेळेवर व्हावी. जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मजात दोष असतो, म्हणून हृदयाची सोनोग्राफी जन्मानंतर लवकरच करून घेतात. दमलेले, धापा टाकणारे, किंवा रात्री घोरून झोपमोड झालेले मूल दिवसा बोलण्याच्या मनःस्थितीत नसते.

आता घरगुती उपायांविषयी दोन शब्द, कारण वडीलधाऱ्यांच्या हाती तेच असतात. मूल बोलत नाही म्हटल्यावर मधात वेखंड उगाळून जिभेला लावण्याचा सल्ला गावोगाव मिळतो. एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊच नये. त्यातून क्वचित का होईना, पण जीवघेणी विषबाधा होऊ शकते. वेखंडातील बीटा-ॲसरोन या द्रव्यामुळे अमेरिकेने १९६८ साली खाद्यपदार्थांतील त्याच्या वापरावर बंदी घातली. शिवाय ज्या कारणांनी या मुलांचे बोलणे लांबते, त्यांतल्या एकावरही जिभेच्या लेपाचा परिणाम होण्यासारखा नाही. जिभेखालचा दोर कापून घ्या, असेही सांगणारे भेटतात. दोर खरोखर आखूड असून दूध ओढताना अडथळा येत असेल, तर डॉक्टर तसे सांगतील. एरवी कात्रीने भाषा मोकळी होत नाही.

शिट्ट्या, फुगे, साबणाचे बुडबुडे यांची गोष्ट थोडी वेगळी. यांचा अपाय नाही, मुलाला मौज वाटते, आणि बुडबुडा फुटल्यावर ‘फुट्!’ म्हणण्याची संधी मिळते. परंतु नुसत्या फुंकरीच्या आणि जीभ वळवण्याच्या व्यायामांनी उच्चार सुधारतात, याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. ही समजूत जुनी आहे. इंग्लंडमधील अर्ल्सवूडच्या संस्थेत काम करणारे डॉ. जॉन लँग्डन डाउन यांनी १८६६ साली या स्थितीचे पहिले नीट वर्णन केले. त्यात बोलणे अस्पष्ट असल्याची नोंद आहे, आणि जिभेच्या कसरतींनी ते पुष्कळ सुधारते असेही मत आहे. त्याच लेखात त्यांनी या मुलांची दुसऱ्यांची नक्कल करण्याची हौस नोंदवली आहे. आमच्या दृष्टीने ती दुसरी नोंद अधिक मोलाची. बोलायचे शिकणे बोलण्यातूनच होते, आणि नकलेइतकी त्याची चांगली सुरुवात नाही. रात्रभर दशावतार पाहून आलेले मूल सकाळी अंगणात राक्षसाची चाल आणि आरोळी करून दाखवते, तेव्हा त्याला दटावू नये; आपण संकासुर व्हावे.

चावण्याचा आणि गिळण्याचा संबंध मात्र खरा आहे. दात आले, बसता येऊ लागले, तरी भीतीपोटी मुलाला वर्षानुवर्षे पातळ पेज आणि कालवलेला मऊ भातच देत राहणे बरे नव्हे. भात हळूहळू कमी कालवावा, शिजवलेल्या भाजीचा बोटाएवढा तुकडा हाती द्यावा, पुढे घावण्याचा तुकडा गालाच्या बाजूला ठेवून चावू द्यावा. पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल, तर प्रयोग थांबवून डॉक्टरांना दाखवावे. भरवताना बाळाला ताठ बसवावे. मांडीवर आडवे घेऊन भरवणे अशा सैल अंगाच्या मुलास धोक्याचे आहे.

एक प्रश्न या जिल्ह्यातल्या घरांना हमखास पडतो. घरात मालवणी, अंगणवाडीत आणि शाळेत प्रमाण मराठी, मोबाइलवर हिंदी, आणि मुंबईच्या काकाच्या तोंडी इंग्रजी. मग सल्ला मिळतो की, मुलाचा गोंधळ होईल, त्याच्याशी मालवणी बोलू नका, ‘शुद्ध’ बोला. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. परिणाम असा होतो की साठ वर्षे मालवणीत बोललेली आजी गप्प होते. जी भाषा तिला हसता-रागावता-गाता येते, ती सोडून ती पुस्तकी चार वाक्ये जपून बोलू लागते. मुलाच्या कानांवर पडणारे शब्द निम्म्याने घटतात, आणि उरतात त्यांत जीव राहत नाही.

हा सल्ला शास्त्रालाही धरून नाही. कॅनडातील एलिझाबेथ के-रेनिंग बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, डाउन सिंड्रोम असलेल्या द्विभाषिक मुलांची तुलना एकच भाषा ऐकणाऱ्या तशाच मुलांशी केली होती. दुसऱ्या भाषेमुळे पहिलीत मागे पडल्याचे त्यांना आढळले नाही. तेव्हा आजीने खुशाल मालवणीत बोलावे. ‘पेज होया?’, ‘वायच पाणी’, ‘होडी इली’, ‘बापूस इलो’ ही दोन शब्दांची वाक्ये मुलाला पुरेशी सोपी आहेत, आणि ती त्याच्या दिवसातून उगवलेली आहेत. ‘थोडे’ हा शब्द शाळा शिकवील. ‘वायच’ आधी आजीकडून येऊ दे. पहिल्या शब्दांची यादी तक्त्यावरच्या ‘ॲपल’वरून करण्यापेक्षा मुलाच्या डोळ्यांसमोरच्या वस्तूंवरून करावी : बांगडो, होडी, माड, मांजर, आजो. रापण ओढताना किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या मुलाला ‘ओढ’ आणि ‘सोड’ हे दोन शब्द शंभर वेळा ऐकायला मिळतात, तेही डोळ्यांसमोर दोर हलत असताना. इतका चांगला वर्ग कोणती संस्था भरवील?

शब्द येईपर्यंत हातांचा उपयोग करावा. खूण आणि शब्द नेहमी बरोबर : ‘पाणी’ म्हणताना अंगठा ओठांकडे, ‘संपले’ म्हणताना दोन्ही हात उघडे, ‘आणखी’साठी बोटांची टोके एकमेकांवर. घरातल्या सर्वांनी एका शब्दाला एकच खूण वापरावी, एवढे पथ्य. इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात यासाठी ‘मॅकॅटन’ नावाची खुणांची पद्धत तयार झाली आणि ती अनेक देशांत गेली. पण घराने ठरवलेल्या वीस-पंचवीस खुणांनीही सुरुवात होते. येथे आजोबा हमखास हरकत घेतात : खुणांची सवय लागली तर तो बोलेल कशाला? अनुभव उलट आहे. खुणेने मागितलेले मिळते हे कळलेले मूल अधिक मागते, चिडचिड कमी करते. आणि तोंडाने म्हणता येऊ लागले की खूण आपोआप गळते, कारण हात खेळात अडकलेले असतात आणि तोंड मोकळे असते. रांगणारे मूल चालू लागले की रांगणे सोडतेच.

डोळ्यांचे स्मरण चांगले, हे वर आले आहे. त्याचा दुसरा उपयोग वाचनात. इंग्लंडमधील एका वडिलांनी डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीला लहानपणीच शब्द वाचायला शिकवले आणि तिचे बोलणे त्यातून वाढल्याचे त्यांना दिसले. त्यांच्या या अनुभवापासून पोर्ट्समथ येथील मानसशास्त्रज्ञ स्यू बकली यांनी १९८० च्या सुमारास या विषयाचा अभ्यास सुरू केला. अनेक मुले तीन-चार वर्षांच्या वयात पूर्ण शब्द चित्रासारखे ओळखतात, आणि ऐकून न टिकलेला शब्द पाहून टिकतो, असे त्यातून पुढे आले. घरी करायचे ते एवढेच : जुन्या वहीत घरातल्या माणसांचे फोटो चिकटवावेत, खाली मोठ्या अक्षरांत ‘आजी’, ‘आई’, ‘ताई’ लिहावे, आणि रोज पाच मिनिटे ती वही मांडीवर घेऊन बसावे. बाराखडीची घाई नको. पुढे ‘आजी इली’, ‘आई गेली’ अशी दोन शब्दांची पाने करावीत. वाक्यातले जे लहान शब्द आणि प्रत्यय ही मुले बोलताना गाळतात, ते कागदावर त्यांना दिसतात.

बोलण्याची रीतही थोडी बदलावी लागते. आपण मुलाला विचारतो, आणि दोन क्षणांत स्वतःच उत्तर देतो. या मुलांना ऐकायला, समजायला आणि तोंड जुळवायला वेळ लागतो. विचारून झाल्यावर मनात दहा आकडे मोजावेत, चेहऱ्याकडे पाहत राहावे, गप्प बसावे. पुष्कळदा सातव्या-आठव्या आकड्याला काहीतरी येते. ‘हे काय? ते काय? म्हण बघू!’ अशा परीक्षेने मूल मिटते. पाहुण्यांसमोर तर असे करूच नये. त्याने ‘बो’ म्हणून खाडीकडे बोट केले, तर ‘बो नाही, होडी म्हण’ असे न दुरुस्त करता, ‘होय, होडी! मोठी होडी’ म्हणावे. त्याचा शब्द स्वीकारावा, नीट करून परत द्यावा, वर एक शब्द घालावा. मागण्याआधी सारे हातात देणारी आजी प्रेमळ खरी, पण मागण्याचे कारणच ती नाहीसे करते. लाडू दिसेल पण हाती लागणार नाही अशा जागी ठेवावा.

गजाली हा या मुलखाचा आवडता उद्योग. मुलाला त्यातून उठवून टीव्हीसमोर बसवले जाते, हे खटकते. मोबाइल आणि टीव्ही बोलतात, पण थांबत नाहीत आणि उत्तराची वाट पाहत नाहीत. उलट, आपले गाऱ्हाणे पाहा. एकजण देवाला घालतो आणि प्रत्येक वाक्यानंतर सारे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. ज्या मुलाला वाक्य जुळवता येत नाही, त्यालाही कोठे तोंड उघडायचे हे येथे नेमके कळते. शब्द तोच, ताल तोच, आणि चाळीस माणसांच्या आवाजात त्याचा चुकलेला उच्चारही चालून जातो. चतुर्थीतल्या भजनाचे तसेच. टाळ त्याच्या हाती द्यावा. गाण्याच्या ओळीतला शेवटचा शब्द आपण सोडून थांबावे, तो त्याने पुरा करावा. बोलताना अडणारी कित्येक मुले गाताना अडत नाहीत.

बाहेरच्या मदतीबद्दल थोडक्यात. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाउन सिंड्रोमचा समावेश आहे. त्याची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा तपासणीस येतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. पुढील तपासण्यांची चौकशी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात करावी. या भागातली पुष्कळ कुटुंबे मोठ्या उपचारांसाठी गोव्याला बांबोळीस जातात. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवण या विषयांची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. मुंबईच्या नातेवाइकांकडे जाणे होईल तेव्हा एकदा तेथे तपासून घ्यावे. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते आणि त्यात उपचार-सरावाचा खर्चही धरला जातो. त्यासाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. दर आठवड्याला एसटीने थेरपीला जाणे ज्यांना परवडत नाही, त्यांनी दोन महिन्यांतून एकदा जावे. पण जाताना घरी काय करायचे ते लिहून आणावे.

मुंबईतील जय वकील शाळेचा येथे उल्लेख करावासा वाटतो. डॉ. होरमसजी आणि जय वकील या दांपत्याची मुलगी दीना डाउन सिंड्रोम घेऊन जन्मली. तिला कोठेच शाळा नाही म्हणून १९४४ साली त्यांनी ती सुरू केली. त्या काळी अशा मुलांचे आयुष्यच कमी असे. अगदी १९८३ पर्यंत अमेरिकेत ते सरासरी पंचवीस वर्षांचे होते; आज ते साठीच्या आसपास गेले आहे. ‘यलो’ हा २०१४ सालचा मराठी चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिने त्यात स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तिची विशेष दखल घेतली गेली.

आयुष्य वाढले, तसा एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. कित्येक घरांत आज सत्तरीची आई आणि चाळिशीचा मुलगा असे दोघेच असतात. त्याचे बोलणे तिलाच कळते. दुकानदाराला, शेजाऱ्याला, डॉक्टरांना ती अर्थ सांगते. ती आजारी पडून रुग्णालयात गेली, तर त्याची भाषाही तिच्याबरोबर जाते. ‘बुबू’ म्हणजे पाणी, कपाळावर हात म्हणजे पोट दुखते आहे, हे दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते. म्हणून अशा प्रत्येक घरात एक वही असावी. तिच्या एका बाजूला तो काय म्हणतो किंवा करतो, दुसऱ्या बाजूला त्याचा अर्थ. त्याला कशाची भीती वाटते, कोणते गाणे लावले की तो शांत होतो, गोळी कशातून घेतो, हेही. वहीची एक प्रत शेजारी आणि एक पुतण्याकडे किंवा भाचीकडे असावी. अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमून घेण्याची सोय १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे त्यासाठी अर्ज करावा लागतो. हेही आई-वडील हिंडते-फिरते असतानाच उरकावे.

चांगला बोलणारा असा प्रौढ मुलगा किंवा मुलगी चाळिशीच्या सुमारास गप्प होऊ लागली, शब्द विसरू लागली, तर ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नये. या व्यक्तींना स्मृतिभ्रंश इतरांपेक्षा वीस-तीस वर्षे आधी गाठू शकतो. पण तोच एक संशय धरूनही बसू नये. ऐकू कमी येणे, थायरॉइड मंदावणे, झोपेत श्वास अडणे, जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतरचे औदासीन्य, यांनीही बोलणे आटते, आणि या चारही गोष्टींवर उपाय आहेत. डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्यावी. सहा महिन्यांपूर्वी तो कोणते शब्द बोलत होता आणि आता कोणते गळले, हे त्यांना तिच्यातूनच कळेल.